कंपनीच्या बातम्यांची फीड पुन्हापुन्हा गप्प होते? काढून जोडण्याआधी हे बघा

लक्षण ओळखीचं आहे. एखाद्या कंपनीच्या न्यूजरूमची आरएसएस फीड, म्हणजे नव्या बातम्यांची यंत्राला वाचता येणारी यादी, रीडरमध्ये (अशा फीड एकत्र दाखवणाऱ्या ॲपमध्ये) जोडली, महिना-दीड महिना बातम्या नीट आल्या, आणि मग सगळं शांत. रीडर तक्रार करत नाही, फीडच्या नावापुढे शून्य तेवढं दिसत राहतं. तिमाही निकाल लागून गेल्यावर, बातमी दुसऱ्याच कोणाकडून कळल्यावर लक्षात येतं की फीड केव्हाच बंद पडली आहे. मग ती काढायची आणि पुन्हा जोडायची. जुन्या दहा-वीस बातम्या न वाचलेल्या म्हणून धबाधब येऊन पडतात, गाडी रुळावर आल्यासारखी वाटते, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

काढून जोडल्यावर फीड सुरू का होते, यातच अर्धं निदान आहे. लागोपाठ काही वेळा चूक आली की पुष्कळ रीडर त्या फीडकडच्या फेऱ्या कमी करतात किंवा थांबवतात. मिनीफ्लक्स या रीडरमध्ये ही मर्यादा मुळात ३ वर ठेवलेली असते. तीनदा चूक झाली की तुम्ही स्वतः रिफ्रेश दाबेपर्यंत तो तिकडे फिरकत नाही. शनिवारी रात्री कंपनीचा सर्व्हर दुरुस्तीसाठी बंद होता, तेवढ्यात तीन फेऱ्या हुकल्या, की संपलं. नव्याने जोडल्यावर चुकांचा हिशोब शून्यावर येतो आणि फीड धावू लागते. पण त्याबरोबर शेवटची चूक काय होती, रीडरने कोणता पत्ता धरून ठेवला होता, कोणत्या नोंदी आधी पाहिल्या होत्या, हा सगळा पुरावाही पुसला जातो. म्हणून आधी त्या फीडच्या सेटिंगमध्ये जा, चुकीचा मजकूर आणि तिथे दिसणारा पत्ता जसाच्या तसा उतरवून घ्या, मग एकदा हाताने रिफ्रेश करा. एवढ्यानेच चालू झाली तर दुखणं तात्पुरतं होतं, पुढचं वाचायची गरज नाही.

बिघाड नेमका कुठे आहे

तीन गोष्टी शेजारीशेजारी ठेवा: कंपनीच्या न्यूजरूम पानावरची सगळ्यात वरची बातमी, फीडच्या कच्च्या फाइलमधली पहिली नोंद, आणि रीडरमधली शेवटची नोंद. पानावर आहे पण फाइलमध्ये नाही, तर दोष कंपनीच्या बाजूला. फाइलमध्ये आहे पण रीडरमध्ये नाही, तर दोष रीडरचा किंवा त्या दोघांच्या मधल्या वाटेचा. आणि तिन्हीकडे एकच बातमी असेल तर फीड ठणठणीत आहे, कंपनीनेच काही प्रसिद्ध केलेलं नाही. हसू नका, असं बऱ्याचदा निघतं. एकाच कंपनीच्या प्रसिद्धिपत्रकांची, गुंतवणूकदारांसाठीच्या घोषणांची आणि कार्यक्रमांची अशा दोन-तीन वेगळ्या फीड असतात, आणि तुम्ही नेमकी कार्यक्रमांची घेतलेली असते.

कच्ची फाइल ब्राउझरमध्ये पाहता येते, पण ब्राउझरवर पूर्ण विसंबू नका. फायरफॉक्सने फीड वाचून दाखवण्याची सोय डिसेंबर २०१८ मध्ये, ६४ व्या आवृत्तीत काढून टाकली. आता ब्राउझर एक्सएमएलचं (फीड ज्या खुणांच्या भाषेत लिहितात तिचं) झाड तरी दाखवतो किंवा फाइल डाउनलोड तरी करतो. शिवाय तुमच्या ब्राउझरकडे कुकी असतात, त्यामुळे सर्व्हर त्याला जे देतो तेच रीडरला देईल असं नाही. खरं उत्तर कर्लने दिसतं, म्हणजे पत्त्यावरची फाइल थेट मागवणाऱ्या कमांडने. विंडोज १० च्या २०१८ नंतरच्या आवृत्त्यांत तो आधीपासून असतो. पण कमांड प्रॉम्प्टमध्ये चालवा, कारण विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेलमध्ये याच नावाने वेगळीच कमांड चालते. कर्ल, मग डॅश आणि लहान लिपीतला आय, मग अवतरणचिन्हांत फीडचा पत्ता. मोठ्या लिपीतला आय देऊ नका. त्याने फक्त हेडर, म्हणजे फाइलच्या आधी येणाऱ्या माहितीच्या ओळी, मागवले जातात आणि काही सर्व्हर त्या मागणीला वेगळंच उत्तर देतात.

पहिल्या ओळीतला आकडा बघा. २०० म्हणजे फाइल मिळाली. ४०४ म्हणजे पत्ता चुकला. ४१० म्हणजे फीड कायमची बंद केली. तिच्या मागे लागण्यात अर्थ नाही. ४२९ म्हणजे तुम्ही फार वेळा विचारताय. सोबत 'रिट्राय-आफ्टर' हेडर असेल तर तितके सेकंद थांबायचं. ३०१ आणि ४०३ मात्र सवडीने बघण्यासारखे आहेत.

३०१: नवी वेबसाइट, जुना पत्ता

वेबसाइटचं नूतनीकरण हे कंपन्यांच्या फीड मरण्याचं नेहमीचं कारण. नवी साइट चढवताना जुने सगळे पत्ते सरसकट मुख्य पानाकडे वळवले जातात. रीडर फीडच्या पत्त्यावर जातो, ३०१ मिळतो, म्हणजे 'कायमचं स्थलांतर', आणि काही रीडर आज्ञाधारकपणे आपल्याकडचा पत्ताच बदलून टाकतात. आता त्याच्याकडे फीडऐवजी मुख्य पानाचा पत्ता आहे. तिथून २०० मिळतो, पण हाती येतं ते एचटीएमएल, म्हणजे साधं वेबपान. म्हणून २०० पाहून खूश होऊ नका, 'कंटेंट-टाइप' हेडर वाचा. तिथे एक्सएमएल हवं. टेक्स्ट-एचटीएमएल असेल आणि खालचा मजकूरही वेबपानाचा असेल, तर फीड तिथे नाहीच.

गुंतवणूकदारांचा विभाग तर बऱ्याच मोठ्या कंपन्या बाहेरच्या सेवेकडून चालवून घेतात. तो वेगळ्या उपडोमेनवर असतो, आणि कंत्राट बदललं की फीडसकट सगळे पत्ते बदलतात. नवा पत्ता शोधायला न्यूजरूमचं पान उघडा, कंट्रोल-यू दाबून सोर्स बघा आणि त्यात रोमन अक्षरांत आरएसएस आणि मग ॲटम (फीडचाच दुसरा प्रकार) शोधा. 'अल्टरनेट' असं लिहिलेल्या लिंक टॅगमध्ये पत्ता सापडला तर तो घ्या. साइट वर्डप्रेसवर असेल तर न्यूजरूमच्या पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन रोमनमध्ये फीड लिहून पाहा. काहीच सापडलं नाही तर गूगल अलर्टमध्ये कंपनीचं नाव अवतरणचिन्हांत टाकून ईमेलऐवजी आरएसएस फीड निवडता येते. त्यात कंपनीबद्दल इतरांनी लिहिलेलंही येतं, म्हणजे धान्यासोबत खडेही निवडावे लागतात.

४०३: दारावरचा पहारेकरी

ब्राउझरमध्ये फीड उघडते, रीडरमध्ये ४०३. याचा अर्थ सर्व्हरपुढचं संरक्षण रीडरला बॉट समजतंय. समज बरोबरच आहे म्हणा, रीडर हा बॉटच आहे. 'तुम्ही माणूस आहात का' असं विचारणारं पान त्याला दाखवलं तर तो काय उत्तर देणार?

अमेरिकेच्या रोखे नियामकाची, म्हणजे एसईसीची एडगर यंत्रणा हे याचं स्वच्छ उदाहरण. इन्फोसिस, विप्रो, एचडीएफसी बँक, आयसीआयसीआय बँक यांची एडीआर (त्यांच्या शेअरच्या बदल्यात अमेरिकेत चालणारी प्रमाणपत्रं) अमेरिकेत नोंदलेली असल्याने त्यांची ६-के निवेदनं, म्हणजे परदेशी कंपन्यांनी द्यायची माहितीपत्रं, एडगरवर पडतात आणि प्रत्येक कंपनीची ॲटम फीड मिळते. मात्र यंत्राने मागणी करताना यूजर-एजंटमध्ये, म्हणजे मागणी करणाऱ्याची ओळख सांगणाऱ्या हेडरमध्ये, नाव आणि संपर्काचा ईमेल द्यावा आणि सेकंदाला १० पेक्षा जास्त मागण्या करू नयेत, असा तिथला नियम आहे. ओळख न देता गेलात तर अडवलं जातं. मिनीफ्लक्स आणि फ्रेशआरएसएस या रीडरांमध्ये प्रत्येक फीडसाठी वेगळा यूजर-एजंट लिहिता येतो. तिथे नाव-ईमेल टाकलं की काम होतं. दुसऱ्याच्या सर्व्हरवर चालणाऱ्या रीडरमध्ये ही सोय सहसा नसते.

साइट तुमच्याच ताब्यात असेल तर फीडच्या पत्त्याला बॉट तपासणीतून वगळा. क्लाउडफ्लेअर या साइटपुढे पहारा देणाऱ्या सेवेवर त्यासाठी 'स्किप' नियम करता येतो, पण मोफत योजनेतला बॉट फाइट मोड या नियमाला जुमानत नाही. तो बंदच करावा लागतो. नियम करूनही ४०३ जात नाही म्हणून लोक दिवस घालवतात, ते यामुळे.

सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या सुरक्षा प्रमाणपत्राचाही असाच एक सापळा आहे. सर्व्हरवर मधलं, म्हणजे इंटरमीडिएट प्रमाणपत्र बसवायचं राहिलं तर ब्राउझर ते दुसरीकडून मिळवून वेळ निभावून नेतो, रीडर मात्र जोडणीच नाकारतो.

आपोआप बरी होणारी फीड

सगळ्यात चकवणारा प्रकार हा. फीड आठवडाभर बंद पडते, कोणी हात न लावता सुरू होते, महिन्याने पुन्हा बंद. बहुतेक वेळा कारण असतं एका शीर्षकातलं एकच चिन्ह: &.

एक्सएमएलमध्ये & या चिन्हाला खास अर्थ आहे, ते उघडं लिहिता येत नाही. त्याच्या जागी &, लगेच रोमन ए-एम-पी आणि अर्धविराम असं लिहावं लागतं. आता आपल्याकडची नावं बघा: एल&टी, एम&एम. शिवाय 'संशोधन' लिहायचं तिथे आर&डी आणि 'प्रश्नोत्तरं' लिहायची तिथे क्यू&ए. फीड तयार करणाऱ्या टेम्पलेटने हे चिन्ह बदलून घेतलं नाही तर ज्या दिवशी असं शीर्षक येतं त्या दिवशी फीड मोडते. एचटीएमएलमध्ये चूक झाली तर ब्राउझर सांभाळून घेतो. एक्सएमएल वाचणारा पहिल्या चुकीपाशी थांबतो आणि काटेकोर रीडर अख्खी फाइल टाकून देतो. म्हणजे बिघडली एक नोंद, गेल्या दहाच्या दहा.

फीडमध्ये शेवटच्या दहा नोंदी राहत असतील तर पुढच्या दहा बातम्या येईपर्यंत ती सदोष नोंद आत असते. ती खाली सरकत बाहेर पडली की फीड पुन्हा धडधाकट. मधल्या काळातल्या ज्या बातम्या तिच्याबरोबर किंवा तिच्याआधी बाहेर पडल्या, त्या तुम्हाला कधीच दिसत नाहीत. म्हणून फीड बंद असतानाच फाइल सेव्ह करून ठेवा. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेच्या फीड तपासनीस पानावर पत्ता दिला की तो ओळ आणि कॉलम सांगतो. ४७ वी ओळ, ११२ वा कॉलम असं आलं की थेट तिथे जा. दोष नेमका त्याच जागी किंवा एक-दोन अक्षरं अलीकडे असतो.

& ची भावंडंही आहेत. वेबपानात न तुटणाऱ्या मोकळ्या जागेसाठी जे एनबीएसपी वापरतात, ते एक्सएमएलला ठाऊक नाही. त्याला अशी पाचच नावं माहीत आहेत: &, लहान-मोठेपणाची दोन चिन्हं, आणि एकेरी व दुहेरी अवतरण. त्याऐवजी &, #, इंग्रजी अंकांत १६० आणि अर्धविराम लिहा. दुसरं, वर्डमध्ये शिफ्ट-एंटरने तोडलेली किंवा पॉवरपॉइंटमधून उचललेली ओळ. तिच्या पोटात कधी ११ क्रमांकाचं नियंत्रक अक्षर येतं. डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण एक्सएमएल १.० मध्ये ते निषिद्ध आहे. मजकूर आधी नोटपॅडमध्ये टाकूनही ते जातंच असं नाही; तपासनीस दाखवेल त्या जागेवरची दोन-तीन अक्षरं खोडून हाताने पुन्हा टाइप करणं खात्रीचं. तिसरं, फाइलच्या अगदी सुरुवातीला मोकळी ओळ. एक्सएमएलची घोषणा पहिल्या अक्षरापासूनच सुरू व्हावी लागते. वर्डप्रेसमध्ये थीमच्या फंक्शन्स फाइलच्या शेवटी, पीएचपी बंद करणाऱ्या चिन्हानंतर एखादी रिकामी ओळ राहिली की ती फीडच्या डोक्यावर जाऊन बसते. ते बंद करणारं चिन्हच काढून टाका. त्याची गरज नसते.

मराठीत प्रसिद्धिपत्रकं देणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर फीडमध्ये निव्वळ गिचमिड दिसतो, कारण फीडसोबत फाँट जात नाही. तो युनिकोडमध्ये बदलूनच चिकटवा. आणि युनिकोड असूनही प्रत्येक अक्षराच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेली रोमन ए व चलनाचं गोल चिन्ह दिसत असेल, तर फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात आहे पण ती कुठेतरी दुसऱ्याच संकेतात वाचली जातेय. 'कंटेंट-टाइप' हेडर आणि फाइलची पहिली ओळ यांत वेगवेगळी नावं आहेत का ते बघा.

१ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच

फाइल निर्दोष आहे, ताजी नोंद तिच्यात आहे, तरी रीडरमध्ये वर दिसत नाही. यादीच्या अगदी तळाशी जाऊन बघा. तिथे ती १ जानेवारी १९७० च्या पहाटे ५:३० ची म्हणून बसलेली असेल, तर रीडरला तारीख वाचता आलेली नाही. संगणकाच्या कालगणनेचा शून्य क्षण भारतीय वेळेत पहाटे साडेपाचला येतो.

आरएसएस २.० मध्ये तारीख ठरलेल्या साच्यातच हवी: वार आणि महिना यांची इंग्रजी तीन अक्षरी नावं, इंग्रजी अंक आणि शेवटी वेळेचा फरक. साइटची भाषा मराठी ठेवली आणि फीडचं टेम्पलेट कोणी हाताने लिहिलेलं असलं की तिथे 'मंगळवार, १४ ऑक्टोबर' असं मराठमोळं काहीतरी उमटतं. वाचायला छान, यंत्राला निरुपयोगी. काही रीडर अशा वेळी १९७० धरतात, काही आत्ताची वेळ लावतात, त्यामुळे जुन्या बातम्याही ताज्या दिसतात. ॲटमचा साचा वेगळा आहे: वर्ष, महिना, दिवस आकड्यांत, मध्ये रोमन टी, मग वेळ. एकाचा साचा दुसऱ्यात चालत नाही.

वेळेच्या फरकाच्या जागी आयएसटी लिहू नका. त्या साच्यात नावाने ओळखले जाणारे विभाग म्हणजे जीएमटी आणि अमेरिकेतले मोजके. आपल्यासाठी +०५३० हेच, तेही इंग्रजी अंकांत. भारतीय वेळ लिहून शेवटी जीएमटी ठोकलं तर दुपारी साडेचारचं पत्रक रात्री दहाचं होतं, आणि भविष्यातली नोंद काही रीडर दाखवतच नाहीत. 'बातम्या नेहमी पाच-साडेपाच तास उशिरा येतात' अशी तक्रार असेल तर दुसरीकडे शोधूच नका.

एकाच नावाची दोन माणसं

रीडर नोंद ओळखतो ती जीयूआयडी या प्रत्येक नोंदीला दिलेल्या खुणेवरून. शीर्षक किंवा मजकूर बदललाय का हे तो सहसा बघत नाही. यातून दोन उलट त्रास होतात.

खूण उगाच बदलली की जुन्या सगळ्या नोंदी नव्या म्हणून पुन्हा येतात. साइट एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर गेली आणि खूण म्हणून पत्ताच वापरला होता, की हे हमखास. एकदाच होतं, सहन करा. दर फेरीला होत असेल तर पत्त्याच्या शेपटाला ट्रॅकिंगचा बदलता आकडा लागतोय.

उलट, खूण बदलायला हवी तिथे तीच राहिली की फीड गप्प. निकालाची पीडीएफ दर तिमाहीत त्याच नावाने जुन्या फाइलवर चढवली जाते, तिचा पत्ता हीच खूण, आणि रीडर म्हणतो, ही तर एप्रिलमध्येच वाचून झाली. कच्च्या फाइलमध्ये दोन नोंदींची जीयूआयडी सारखी आहे का, हे शोधायला एक मिनिट लागतं. कंपनीच्या बाजूने उपाय असा: डेटाबेसमधला क्रमांक खूण म्हणून द्या आणि 'इज-परमालिंक' ला फॉल्स करा, कारण ते लिहिलं नाही तर खूण म्हणजे उघडणारा पत्ताच आहे असं धरलं जातं.

कमी फेऱ्या, लहान फीड

निकालाच्या दिवशी कंपनी एका संध्याकाळी पंधरा नोंदी टाकते. फीडमध्ये मावतात दहा. वर्डप्रेसचा मूळ आकडा तोच आहे. रीडर दिवसातून एकदाच येत असेल तर पहिल्या पाच त्याच्या दृष्टीने कधी झाल्याच नाहीत. साइटवाल्यांनी सेटिंग्जमधल्या रीडिंग पानावर हा आकडा ३० ते ५० करावा. तुम्ही फेऱ्या वाढवा, तासाला एक पुरे. थंडरबर्ड (फीडही वाचणारा ईमेल प्रोग्राम) मुळात दर १०० मिनिटांनी बघतो, पण फक्त सुरू असताना. लॅपटॉप चार दिवस बंद राहिला तर चार दिवस कोणीच बघत नाही. सुट्टीवर जाणाऱ्याने सर्व्हरवर चालणारा रीडर वापरावा.

पानावर बातमी आहे, फीडमध्ये तासन् तास नाही, असं असेल तर मधला कॅशे, म्हणजे वाटेत साठवून ठेवलेली प्रत, तपासा. पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि कुठलाही आकडा लावून फाइल मागवा. आता नवी नोंद दिसली तर सीडीएन, म्हणजे साइटच्या प्रती वाटणारा मधला सर्व्हर, शिळी प्रत वाढतोय. 'एज' हेडरमध्ये ती किती सेकंदांची शिळी आहे तेही कळतं. ८६४०० म्हणजे पूर्ण एक दिवस. बातम्यांच्या फीडला ५ ते १० मिनिटांचा कॅशे पुष्कळ झाला.

वेळेवर पैसा अवलंबून असेल तर मात्र न्यूजरूमच्या फीडवर राहूच नका. भारतात सूचीबद्ध कंपनीला सेबीच्या एलओडीआर (सूचीबद्ध कंपन्यांच्या जबाबदाऱ्या सांगणाऱ्या) नियमावलीतल्या नियम ३० प्रमाणे महत्त्वाची माहिती शेअर बाजाराला कळवावीच लागते. संचालक मंडळाच्या बैठकीतले निर्णय बैठक संपल्यापासून ३० मिनिटांत. बैठक बाजाराच्या वेळेनंतर संपली तर साधारण ३ तासांत. प्रसिद्धिपत्रकाला अशी घाई नसते. एनएसई कंपन्यांच्या घोषणांच्या आरएसएस फीड देते. ती मुख्य धरा आणि न्यूजरूमची जोडीला ठेवा.

दोष कंपनीकडे निघाला तर ग्राहक सेवेला लिहू नका, तिथे 'ॲप अपडेट करून पाहा' असं उत्तर येतं. प्रसिद्धिपत्रकाच्या तळाशी माध्यम संपर्काचा ईमेल असतो, तो वापरा. 'फीड चालत नाही' एवढंच लिहिलं तर समोरचा ब्राउझरमध्ये उघडून 'आमच्याकडे चालतेय' म्हणेल. असं लिहा: 'आपल्या प्रसिद्धिपत्रकांच्या फीडमध्ये, पत्ता सोबत दिला आहे, आज सकाळी ११ वाजता ४७ व्या ओळीत शीर्षकातलं & हे चिन्ह न बदलता आलं आहे. त्यामुळे संपूर्ण फाइल अवैध ठरते आणि कुठल्याही सदस्याला नवी पत्रकं मिळत नाहीत. वेबसाइट सांभाळणाऱ्यांकडे कृपया पाठवावे.' सोबत सेव्ह केलेली फाइल जोडा. उत्तर येईपर्यंत ती नोंद फीडमधून सरकून गेलेली असू शकते.